झाडांची हिजरत

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात 'हिजरत' हा शब्द शिकवत होतो. मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो, त्यामुळे एका भाषेतला शब्द आला की दुसऱ्या भाषेतला त्याचा जोडीदार शोधायची सवय मुलांना लागली आहे. फळ्यावर हिजरत लिहिले, समोर स्थलांतर लिहिले आणि वाक्ये करायला सांगितली. कोणी मक्केहून मदिनेला झालेल्या हिजरतीचे वाक्य केले, कोणी ऊसतोडीला जाणाऱ्या घराचे, कोणी दूरदेशाहून येणाऱ्या पक्ष्यांचे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, झाडां भी हिजरत करते क्या?" वर्ग हसला. मीही हसलो. "झाडाला पाय कुठे असतात बेटा?" असे म्हणून पुढच्या शब्दाकडे वळलो.

पुढे काही महिन्यांनी मध्ययुगीन मुसलमान प्रवाशांबद्दल वाचत होतो. त्यातून उत्तरेकडच्या जंगलांच्या इतिहासात शिरलो आणि लक्षात आले, की मी त्या मुलीला चुकीचे उत्तर दिले होते. झाडे हिजरत करतात. हजारो वर्षांपासून करत आली आहेत आणि आज आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा निघाली आहेत. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती.

बगदादहून निघालेला माणूस

सुरुवात इब्न फज़लानपासून करतो, कारण मीही तिथूनच सुरुवात केली. अब्बासी खलिफा अल-मुक्तदिरच्या दरबारातून एक शिष्टमंडळ ११ सफर ३०९ हिजरी, म्हणजे २१ जून ९२१ रोजी बगदादहून निघाले. व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार लोकांच्या राजाने इस्लाम स्वीकारला होता. त्याला धर्म शिकवणारी माणसे हवी होती आणि किल्ला बांधायला पैसा हवा होता. अहमद इब्न फज़लान या शिष्टमंडळात होता. बुखारा, ख्वारिज़्म असे करत, वाटेत हिवाळा काढून, १२ मे ९२२ रोजी तो बुल्गारच्या राजाकडे पोहोचला. हा भाग आजच्या रशियातील तातारस्तानात, कझान शहराच्या दक्षिणेला येतो.

बगदादच्या माणसाला ही थंडी नवीनच होती. ख्वारिज़्ममध्ये हमामातून घरी येईपर्यंत दाढीचा बर्फाचा गोळा व्हायचा आणि तो शेकोटीपुढे बसून वितळवावा लागायचा, असे त्याने लिहून ठेवले आहे. बुल्गारमध्ये गोष्ट उलटी झाली. तिथे उन्हाळा होता आणि रात्रच सापडेना. एका संध्याकाळी तो राजाच्या शिंप्याबरोबर तंबूत गप्पा मारत बसला होता. शिंपीही बगदादचाच निघाला होता. दोघे इशाच्या अज़ानची वाट पाहत होते. थोड्याच वेळात अज़ान झाली, बाहेर येऊन पाहतात तो पहाट! मुअज़्ज़िनने सांगितले, ही फजरची अज़ान, इशा आम्ही मगरिबबरोबरच पढतो. फजर चुकेल या धास्तीने तो बिचारा महिनाभर रात्री झोपला नव्हता.

ही गोष्ट आपल्याकडे अनेकांनी ऐकली असेल. मला मात्र त्याच वृत्तांतातली झाडे थांबवून गेली. त्या मुलखात 'बुंदुक'ची झाडे सर्वांत जास्त असल्याचे तो सांगतो, आणि चाळीस फरसख लांब, तितकेच रुंद असे त्यांचे रान पाहिल्याचे लिहितो. बुंदुक म्हणजे हेझल नावाच्या झाडाचे गोल, कठीण कवचाचे फळ. याच शब्दावरून आधी गोफणगोळी, मग गोळी आणि शेवटी आपली 'बंदूक' आली. आणखी एक झाड त्याला ओळखता आले नाही. लोक त्याच्या खोडाला भोक पाडून गोड रस काढत. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते बर्च असावे. बर्च हा आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा भाऊ, ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहिल्या जात. नुसते झाडांचेच नाते नाही, तर संस्कृत 'भूर्ज', रशियन 'बिर्योझा' आणि इंग्रजी 'बर्च' हे शब्दही एकाच मुळाचे आहेत. नोवगोरोदचे लोक मध्ययुगात याच सालीवर पत्रे लिहीत. १९५१पासून तिथल्या उत्खननात अशी शेकडो पत्रे निघाली आहेत.

इब्न फज़लान उभा होता ती जागा महत्त्वाची आहे. दक्षिणेला गवताळ माळ, इथे मिश्र जंगल आणि उत्तरेला तैगा, म्हणजे स्प्रूस, पाइन, लार्च अशा सुईसारख्या पानांच्या झाडांचा अफाट पट्टा. हा पट्टा नॉर्वेपासून सायबेरियापर्यंत आणि पलीकडे अलास्का-कॅनडापर्यंत पसरला आहे. जगातल्या एकूण जंगलाचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग एवढा एकच पट्टा आहे. त्याच्याही उत्तरेला झाडे संपतात आणि टुंड्रा सुरू होतो. बगदादच्या बाजारात येणारी सेबलची, मिंकची कातडी या जंगलातून येत होती, आणि बदल्यात गेलेले चांदीचे दिरहम आजही स्वीडन-रशियात जमिनीखाली सापडतात.

अक़लीम हलते

त्या काळच्या विद्वानांनी वसलेल्या जगाचे सात पट्टे मानले होते. एकेक पट्टा म्हणजे एक 'इक़लीम', उर्दूत अक़लीम. मूळ ग्रीक शब्द 'क्लिमा', अर्थ उतार किंवा कल. इंग्रजी 'क्लायमेट'ही त्याच शब्दाचा वंशज आहे. अल-इद्रीसीने ११५४ साली केलेला प्रसिद्ध नकाशा याच सात अक़लीमांवर बेतलेला आहे. इब्न खल्दूनने १३७७च्या 'मुकद्दिमा'त सातव्या अक़लीमच्या थंडीचा तिथल्या माणसांवर काय परिणाम होतो याची चर्चा केली आहे. काळाबरोबर समाजाची परिस्थिती बदलते आणि हे विसरणारा इतिहासकार चुकतो, हेही त्यानेच बजावले. माणसे बदलतात, राज्ये बदलतात. अक़लीमची रेघ मात्र जागेवरच राहील, असे तेव्हा सगळेच धरून चालले होते.

ही रेघसुद्धा हलते, हे कळायला १९वे शतक उजाडावे लागले. १८३७ साली लुई अगासीने स्वित्झर्लंडमध्ये मांडले, की एके काळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता. त्याला वेड्यात काढणारे पुष्कळ होते. आज आपल्याला ठाऊक आहे, की सुमारे २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. स्कँडिनेव्हियावर काही ठिकाणी किलोमीटरच्या पटीत मोजावा असा जाड बर्फ होता. आज जिथे स्वीडनचे घनदाट जंगल आहे, तिथे जंगल असणे शक्यच नव्हते. मग ते आले कुठून, आणि कधी?

याचे उत्तर दलदलीत दडले होते. उत्तरेकडच्या दलदलींत मेलेल्या वनस्पती कुजत नाहीत, थरावर थर साचत जातात. १८४२च्या सुमारास डेन्मार्कच्या येपेटस स्टेनस्ट्रूपने अशा थरांमध्ये झाडांचे अवशेष पाहिले. तळाशी अ‍ॅस्पन, त्यावर पाइन, त्यावर ओक, आणि सभोवती आज बीचची राई. म्हणजे एकाच जागी एकामागून एक वेगवेगळी जंगले नांदून गेली होती. १९१६ साली स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टने याहून बारीक साधन वापरले, ते म्हणजे परागकण. परागाचे कवच विलक्षण टिकाऊ असते, दलदलीत ते हजारो वर्षे शाबूत राहते आणि प्रत्येक प्रकारच्या झाडाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा ओळखू येतो. पाइनच्या कणाला तर दोन हवेच्या पिशव्या असतात. प्रत्येक थरातले कण मोजायचे, की त्या काळी आसपास कोणती झाडे किती होती याचा अंदाज येतो. मला हे शाळेतल्या जुन्या हजेरीपटांसारखे वाटते. कोण कोणत्या साली दाखल झाले, कोण कधी नाव काढून गेले, सगळे नोंदलेले.

या हजेरीपटात पहिली दाखल होतात बर्च आणि पाइन. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी हेझलचे, म्हणजे आपल्या बुंदुकचे, पराग उत्तर-पश्चिम युरोपात अचानक प्रचंड वाढतात. मग ओक, एल्म, लिंडेन येतात. स्प्रूस पूर्वेकडून फिनलंडमार्गे सावकाश येते आणि स्कँडिनेव्हियाच्या पश्चिम भागात फार उशिरा पोहोचते. आज स्प्रूसशिवाय नॉर्वेचे चित्र डोळ्यांसमोर येत नाही, पण तिथल्या नव्या रहिवाशांपैकीच ते एक आहे.

पाय नसलेल्यांचा वेग

इथे माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. पाय नाहीत, मग झाड चालते कसे? उत्तर सोपे आहे: झाड चालत नाही, त्याची औलाद चालते. बी वाऱ्याने उडते, पाण्याने वाहते, पक्षी नेतो. दक्षिणेच्या कडेला जुनी झाडे मरतात आणि त्यांच्या जागी नवी उगवत नाहीत. उत्तरेच्या कडेला रोपे तग धरतात. असे शेकडो पिढ्या चालले, की जंगल सरकलेले असते.

पण हिशेब जुळेना. १८९९ साली इंग्लंडच्या क्लेमेंट रीडने ओकचे गणित मांडले. ओकचे फळ जड, ते झाडाखालीच पडते. झाडाला फळ धरायलाच काही दशके लागतात. अशा गतीने ओकला ब्रिटनच्या उत्तर टोकापर्यंत जायला दहा लाख वर्षे लागली असती. प्रत्यक्षात ते हिमयुगानंतरच्या काही हजार वर्षांतच पोहोचले होते. वर्षाला शंभर ते काही शे मीटर इतका हा वेग पडतो. अभ्यासक याला आजही 'रीडचे कोडे' म्हणतात.

रीडने स्वतःच सुचवलेले उत्तर म्हणजे पक्षी. जे नावाचा कावळ्याच्या कुळातला पक्षी ओकची फळे हिवाळ्यासाठी दूरवर जमिनीत पुरून ठेवतो. त्यातली काही तो खात नाही आणि ती रुजतात. दुसरे उत्तर अलीकडचे आहे. सगळी झाडे दूर दक्षिणेत गेलीच नव्हती. बर्फाच्या कडेने, आडोशाच्या जागी, थोडी थोडी झाडे तग धरून राहिली होती. ऊब आल्यावर त्या विखुरलेल्या घरांतून जंगल पसरले, म्हणून वेग जास्त दिसतो. २०१२ साली जनुकीय पुराव्यांवरून असे मांडले गेले, की स्कँडिनेव्हियातही काही सूचिपर्णी झाडे हिमयुगात टिकली असावीत. यावर वाद आहे. पण स्वीडनच्या फुलुफयेलेट डोंगरावर 'ओल्ड टिक्को' नावाचे एक किरकोळ दिसणारे स्प्रूस आहे. त्याच्या मुळाखालच्या लाकडाचे वय सुमारे ९,५५० वर्षे निघाले. म्हणजे काही प्रवासी होते, काही हटून राहिलेले होते, आणि आजचे जंगल दोघांचे मिळून झाले आहे.

मूळचे कोण?

आता या इतिहासातला मला सर्वांत जवळचा भाग. १९१६ साली अमेरिकेच्या फ्रेडरिक क्लेमेंट्सने असा सिद्धांत मांडला, की जंगल हे एका देहासारखे असते. त्यातली झाडे म्हणजे अवयव, त्यांची सोबत ठरलेली. त्याच सुमारास हेन्री ग्लीसन म्हणत होता, की तसे काही नाही. प्रत्येक जात आपापल्या सोयीने येते आणि शेजारी मिळेल त्याच्याबरोबर राहते. ग्लीसनचे तेव्हा कोणी फारसे ऐकले नाही.

पुढे मार्गारेट डेव्हिस या संशोधक बाईंनी पूर्व अमेरिकेतल्या तळ्यांमधल्या परागांवरून प्रत्येक झाडाचा वेगळा प्रवास नकाशावर काढला, आणि ग्लीसन बरोबर ठरला. जंगल काफिला करून आलेच नव्हते. स्प्रूस आधी आले, हेमलॉक वेगळ्या वाटेने, बीच त्यानंतर. चेस्टनट तर कनेक्टिकटमध्ये जेमतेम २,००० वर्षांपूर्वी पोहोचले. पुढे लोक त्याला तिथल्या भूमीचे अस्सल झाड मानू लागले. आज जगात कुठेच एकत्र दिसत नाहीत अशी झाडे हिमयुगाच्या अखेरीस शेजारी शेजारी राहत होती. 'हे जंगल असेच होते आणि असेच असले पाहिजे' असे ज्याच्याबद्दल म्हणावे, असे जंगलच या नोंदींत सापडत नाही.

मला प्रवासात, लग्नकार्यात एक प्रश्न नेहमी विचारला जातो. माझे मराठी ऐकून लोक आधी कौतुक करतात, मग विचारतात, "पण तुम्ही मूळचे कुठले?" गावाचे नाव सांगितले तरी त्यांचे समाधान होत नाही. "नाही, मूळचे?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. त्याने फक्त असे धरलेले असते, की काही लोक आलेले असतात आणि काही नेहमीचेच असतात.

ब्रिटनमध्ये झाडांच्या बाबतीत हाच प्रश्न एका तारखेवर सोडवला जातो. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी समुद्र वाढून ते बेट युरोपपासून तुटले. त्याआधी आपापले चालत आले ते देशी, नंतर माणसाने आणले ते परके. सिकॅमोर शेकडो वर्षे तिथे वाढते आहे, तरी अजून परकेच. अभ्यासापुरती अशी रेघ लागते, हे मला मान्य आहे. नव्याने आलेली एखादी जात खरोखर नासधूसही करते. अमेरिकेतले चेस्टनट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आलेल्या बुरशीनेच संपवले. पण ही रेघ झाडांवरून माणसांकडे सरकायला वेळ लागत नाही. १९४२ साली नाझी जर्मनीत काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी जंगलात पसरलेल्या एका लहानशा आशियाई रोपाविरुद्ध युद्ध पुकारा असे म्हटले आणि त्या युद्धाची तुलना बोल्शेविकांविरुद्धच्या लढ्याशी केली. रोपाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तेव्हा झाडांवरून माणसांसाठी धडे काढताना जपून राहावे, हे मी स्वतःलाही बजावतो. परागांच्या नोंदी मला हक्क देत नाहीत, तो राज्यघटना देते. त्या नोंदी एवढेच सांगतात, की 'नेहमीचे' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तेही कधीतरी आलेलेच असते.

पुन्हा निघालेले जंगल

हिमयुगानंतर जंगल एकदा उत्तरेला गेले आणि थांबले, असेही नाही. सायबेरियात सुमारे ९,००० ते ७,००० वर्षांपूर्वी उन्हाळे आजच्याहून उबदार होते आणि झाडे जवळजवळ आर्क्टिक किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. पुढे थंडी वाढली आणि ४,००० ते ३,००० वर्षांपूर्वी रेघ मागे येऊन आजच्या जागी स्थिरावली. उत्तर उरल पर्वतात मध्ययुगात आजच्याहून वर लार्च वाढत होते. नंतरच्या थंड शतकांत ते मेले आणि त्यांची वाळलेली खोडे डोंगरावर राहिली. रशियन संशोधक स्तेपान शियातोव्हने याच उतारांची छायाचित्रे दशकांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढली. जुन्या चित्रात जिथे उघडे माळ आहेत, तिथे नव्या चित्रात कोवळी झाडे दिसतात.

आता ही गती वाढली आहे. १९७९पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापतो आहे. २००९ साली जगभरातल्या १६६ ठिकाणच्या वृक्षरेषांचा आढावा घेतला गेला. निम्म्याहून अधिक ठिकाणी रेघ पुढे सरकली होती, मागे गेलेली ठिकाणे फक्त एक टक्का होती. २०२२ साली अलास्कातून बातमी आली. ब्रूक्स पर्वतरांगेच्या पलीकडे टुंड्रात उपग्रहाच्या चित्रांत बारीक सावल्या दिसत होत्या. रोमन डायल आणि त्यांचे सहकारी तिथे पायी गेले, तर त्या सावल्या पांढऱ्या स्प्रूसच्या कोवळ्या झाडांच्या निघाल्या. तिथे हे झाड दशकाला चार किलोमीटरहून जास्त वेगाने उत्तरेला जात आहे.

चार किलोमीटर ऐकायला मोठे वाटते. पण एका जागतिक अभ्यासानुसार या शतकात हवामानाचे पट्टे सरासरी वर्षाला ४२० मीटरच्या आसपास, म्हणजे दशकाला चार किलोमीटर सरकतील. उत्तम परिस्थितीत पळणारे स्प्रूस कसेबसे बरोबरी करते. बाकीची झाडे मागे पडणार. निम्म्या ठिकाणी रेघ पुढे सरकलेली नाही, तिथे वारा, नापीक माती, चरणारी जनावरे किंवा बियांचा अभाव आड आला असू शकतो.

दक्षिणेच्या कडेचे चित्र याहून वाईट आहे. पूर्वी कडाक्याची थंडी सालीखालच्या भुंग्यांना मारून टाकायची. हिवाळे सौम्य झाले आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइनच्या भुंग्याने सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलाला ग्रासले. तो रॉकी पर्वत ओलांडून पूर्वेलाही पोहोचला. २०२३च्या एका मोसमात कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर वन जळले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन कोटी हेक्टरच्या आसपास आहे, यावरून अंदाज करा. जंगल पुढच्या दाराने सावकाश बाहेर पडते आहे आणि मागून घर जळते आहे.

उत्तरेत झाडे वाढली तर बरेच की, असे वाटू शकते. मलाही वाटले होते. पण टुंड्रातला पांढरा बर्फ सूर्याची उष्णता परत फेकतो. त्यावर गडद हिरवे स्प्रूस उभे राहिले की तीच उष्णता शोषली जाते. म्हणजे जंगलाची ही चाल काही प्रमाणात तापमान आणखी वाढवते. उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांच्या रेनडियरना मोकळे माळ लागतात, तिथे बर्च घुसते आहे. झाड कोणाच्या घरी पाहुणे म्हणून येते आणि कोणाचे कुरण घेते, हेही पाहावे लागते.

इब्न फज़लानच्या काळी आणि त्याआधीही रेघ हलत होती, मग आज काळजी कशाची, असे कोणी विचारेल. फरक वेगाचा आहे. हिमयुगानंतरच्या प्रवासाला झाडांकडे हजारो वर्षे होती, मध्ये थांबायला आडोसे होते आणि वाटेत महामार्ग, शेते, शहरे नव्हती. यावेळी ऊब आणणारा माणूस आहे, वाट अडवणाराही तोच आहे.

या वर्षी ती मुलगी नववीत आहे. परवा तासाला तिला उभे केले आणि सांगितले, "बेटा, मागच्या वर्षी तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी चुकीचे दिले होते. झाडां हिजरत करते." वर्ग पुन्हा हसला, पण ती हसली नाही. तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "सर, फिर उनका वतन कौनसा?"

मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, वतन आणि मायभूमी. मुलांना सांगितले, उद्या दोन्हींवर वाक्ये करून आणा. आणि माझे वाक्य काय असावे, याचा विचार करत घरी आलो.